वेठीतला दुसरा कोस

माझं लहानपण बाशीमला, म्हणजे आताच्या वाशीमला, मिशनच्या आवारात गेलं. वडील तिथे बागेचं काम पाहत. मी तिथल्याच मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. गणितात जेमतेम होते, पण पाठांतरात माझ्यापुढे कोणी जात नसे. येशूनं डोंगरावर बसून लोकांना जे शिकवलं ते सगळं मला तोंडपाठ होतं. कुठूनही सुरुवात करा, मी पुढचं म्हणून दाखवायची. त्याबद्दल एकदा बक्षीसही मिळालं. पण ते शब्द ऐकून कोणी सकाळी उठतो आणि तसं वागायला लागतो, हे मी लग्न होईपर्यंत पाहिलं नव्हतं.

लग्न होऊन मी आले ती मालेगाव आणि शिरपूरच्या मधल्या एका लहान गावात. ओढ्यापलीकडे ख्रिस्ती माणसांची चार-पाच घरं होती, त्यातलं एक आमचं. घरात तिघंच, सासूबाई, माझे यजमान आणि मी. थोडी काळी जमीन, निम्म्यात ज्वारी, निम्म्यात कपाशी. एक गाडी आणि पांढऱ्या बैलांची जोडी. सासऱ्यांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला होता. मी आले तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या वाडवडिलांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं आलेली, आणि त्यातलं सगळ्यांत नकोसं काम म्हणजे वेठ.

वेठ काय ते आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. हिवाळ्यात साहेब लोक दौऱ्यावर निघत. तंबू, खाटा, पेट्या, स्वयंपाकाची भांडी असा मोठा लवाजमा असे. तो वाहायला गावातला जो हाताशी सापडेल त्याला धरत. गाडी असेल तर गाडी जुंपायची, नसेल तर डोकं पुढे करायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. रीत अशी की एका गावच्या गाड्यांनी सामान पुढच्या गावच्या हद्दीपर्यंत न्यायचं. तिथे त्या गावच्या गाड्या उभ्या असत. सामान इकडून तिकडे चढवायचं आणि आपण मोकळं व्हायचं.

आमच्याकडे उपदेशक महिन्यातून एकदा मालेगावहून येत. बाकीच्या रविवारी कडुनिंबाखाली मीच वाचत असे, कारण आमच्या वस्तीत वाचता येणारी मी एकटी. बायका मुलं मांडीवर घेऊन बसत. यजमान दोरखंड वळत नाहीतर औताचं काही दुरुस्त करत ऐकत. मान वर करत नसत, पण वाचून झालं की हमखास विचारत, "मंग आता आपण काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर शाळेत आम्हाला कोणी पाठ करायला दिलं नव्हतं.

एकदा उपदेशकांनी देवाच्या राज्यावर बोध केला. आमच्या वऱ्हाडात लोक गमतीनं म्हणत, मुलूख निजामाचा, अंमल गोऱ्यांचा, आणि राबायचं आपण. उपदेशकांनी तेच धरलं. म्हणाले, आपण कोणाची रयत हे आपल्यालाच नीट ठाऊक नाही, पण एका राज्याची रयत आपण नक्की आहोत. ते राज्य वर आभाळात कुठेतरी आहे असं समजू नका. जिथे त्याची माणसं त्याच्या मनासारखी वागतात, तिथे ते आलेलं असतं, मग ते मालेगावच्या बाजारात का असेना. यजमानांना हे फार आवडलं. सासूबाई मात्र शेवटी म्हणाल्या, की रयत म्हटली म्हणजे वेठ आलीच, तर त्या राज्यात वेठ आहे का तेवढं सांगा. सगळे हसले. उपदेशकही हसले, आणि प्रार्थनेला उभे राहिले.

त्यानंतर दोन-तीन रविवारांनी माझ्या वाचनात तो भाग आला. कोणी तुला वेठीला धरून एक कोस नेलं तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा, असं येशूनं सांगितलेलं आहे. मी ते लहानपणापासून म्हणत आले होते. त्या दिवशी यजमानांच्या हातातला दोर थांबला. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. वाचलं. "वेठच म्हणलं ना त्यानं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले.

त्या हिवाळ्यात कपाशी चांगली फुटली होती. दुसरी वेचणी चालू होती. एका सकाळी आम्ही शेताकडे निघणार तोच कोतवाल आणि दौऱ्यावरचा चपराशी दारात आले. साहेबांचा मुक्काम शिरपूरच्या आमराईत हलणार होता. आमची गाडी आणि गावातल्या आणखी दोन गाड्या हव्या होत्या. यजमान बैल जुंपू लागले. हद्द कोसभरावर. दुपारपर्यंत परत येतील असा माझा अंदाज होता.

दुपारी बाकीच्या दोन गाड्या आल्या, आमची आली नाही. एका गाडीवर आमचे शेताचे शेजारी होते. ते कुणबी, आमच्याहून वयानं मोठे, मी त्यांना भाऊजी म्हणत असे. त्यांच्या तिफणीवर दर वर्षी आमची पेरणी होई. त्यांनी सांगितलं ते असं. हद्दीवर पुढच्या गावच्या दोन गाड्या वेळेवर आल्या. तिसरी एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याची. हा मुसलमान गृहस्थ हिवाळाभर गाडीत धनुकली टाकून गावोगाव फिरायचा, लोकांचा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. त्याच्या एका बैलाचा खूर सुजला होता. बैल तीन पायांवर कसाबसा उभा, आणि चपराशी ओरडत होता. आमच्या यजमानांनी सामान उतरवलंच नाही. म्हाताऱ्याला म्हणाले, तुमी घरी जा, आणि तशीच गाडी पुढे हाकली.

भाऊजी सांगताना माझ्याकडे असं पाहत होते, जणू काही यजमानांना ऊन लागलं असावं.

दिवेलागणीला यजमान आले. बैलांना पाणी दाखवलं, आंबोण ठेवलं, मग ओसरीवर बसले. सासूबाई वाटच पाहत होत्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुह्या बापाच्या डोक्यावर चुंबळीचा घट्टा पडला होता, पाह्यला होता ना तू? त्यातून सुटाले आपण येशूकडे आलो. अन् तू आपल्या पायानं जाऊन राह्यला?"

यजमानांनी डोक्याचा फेटा सोडून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाप गेला थो भेवापोटी गेला, माय. मी बी हद्दीपरेंत तसाच गेलो. पण हद्दीच्या पुढं मले कोनी हाकललं नाई. तथून मी माह्या मनानं गेलो. लय दिसानं मले गाडी हाकाले बरं वाटलं."

सासूबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. पण त्यांना पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं. दिवसभराची वेचणी बुडाली होती. तरी यजमान जेवताना इतक्या समाधानानं जेवले, की माझ्या तोंडून तक्रार निघाली नाही.

खरी अडचण पुढे आली. दोन-तीन दिवसांनी मागे राहिलेलं सामान शिरपूरला न्यायला चपराशी पुन्हा आमच्या गावी आला, आणि त्यानं सांगून टाकलं की आता या गावच्या गाड्या हद्दीवर थांबणार नाहीत, थेट मुक्कामापर्यंत जातील. मागच्या वेळी एक गेलीच होती. त्याचं काम सोपं झालं होतं, तो ते कशाला सोडतो?

संध्याकाळी भाऊजी आणि दुसरे गाडीवाले आमच्या अंगणात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. भाऊजी म्हणाले, "तुह्या देवाचं तू कर, मी आडवा येत नाई. पण त्याचं जू माह्या बैलाच्या मानेवर कायले?"

 यजमानांनी हात जोडले, आणि मी याचं काहीतरी करतो असं म्हणाले. ती माणसं गेली. हे गोठ्यात जाऊन बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. मी गेले तसं मला विचारू लागले, की शेजाऱ्याचं काय करायचं ते त्या पुस्तकात कुठे सांगितलंय का. मी म्हटलं, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, असं सांगितलंय. ते म्हणाले, ते ठाऊक आहे, पण उद्या सकाळचं काय?

मी तिथेच दावणीपाशी बसून विचार केला. पाठ केलेल्या शब्दांना मी आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न विचारत होते. मग मला एवढं दिसलं की दुसरा कोस ज्याचा त्यानंच द्यायचा असतो, दुसऱ्याच्या वतीनं देता येत नाही. चपराशानं यांनी दिलेलं घेऊन गावावर लादलं होतं. ते लादलेलं काढून घ्यायला हवं, आणि ते यांनीच जाऊन सांगायला हवं. मी तसं म्हटलं. यजमान म्हणाले, "मंग तू बी चाल. मले बोलता येत नाई अशा लोकायसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन शिरपूरला गेलो. जैन मंदिराच्या यात्रेकरूंची वर्दळ होती. त्यांच्यातून वाट काढत आमराईत पोचलो. साहेब शिकारीला गेले होते. एका मोठ्या आंब्याखाली सतरंजीवर कारकून बसले होते. आम्हाला तासभर तसंच उभं ठेवलं, मग काय आहे म्हणून विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी यजमानच बोलले. हळू बोलले, पण अडखळले नाहीत. म्हणाले, गावाकडून जे येणं आहे ते हद्दीपर्यंत. ते गाव देत आलंय आणि देईल. हद्दीपुढे मी गेलो तो माझा मी गेलो. पुढेही जाईन. पण तेवढ्यावरून बाकीच्यांवर ते लादू नये.

कारकुनांना यात काहीतरी डाव दिसला. तुला नोकरी हवी का, जमिनीचं काही प्रकरण आहे का, कोणाविरुद्ध अर्ज आहे का, असं त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर ते वैतागले.

"अरे, मग फुकट कशाला मरतोस? तू आहेस तरी कोणाची रयत?"

यजमान म्हणाले, "हद्दीपरेंत तुमची, सायेब. हद्दीच्या पुढं देवाची."

मला वाटलं आता काहीतरी होणार. मी पदर घट्ट धरून उभी राहिले. कारकुनांनी यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. कुत्सित हसू नव्हतं, पण आदराचंही नव्हतं. एखाद्या साध्याभोळ्या माणसाला पाहून येतं तसं. ते म्हणाले, सामान पोचलं की मला झालं, कोणाच्या गाडीतून पोचतं त्याच्याशी मला कर्तव्य नाही. चपराशाला बोलावून त्यांनी सांगितलं की गावच्या गाड्या हद्दीपर्यंतच घ्यायच्या. आणि मग यांच्याकडे वळून म्हणाले, "तू मात्र देवाची रयत ना? मग स्वयंपाक्याला जळण हवंय. ओढ्याकाठी तोडून ठेवलंय, ते आणून टाक."

ही थट्टाच होती. यजमान बरं म्हणाले आणि गाडीकडे वळले.

मी चिडले होते. वाटेत म्हटलंसुद्धा, की तुम्ही चांगलं बोललात आणि त्यानं तुम्हाला हमाल करून टाकलं. ते म्हणाले, आधी काम करू, मग भांडू. ओढ्याकाठी बाभळीचं जळण रचलेलं होतं. यजमान उचलून देत होते, मी गाडीत लावत होते. हिवाळ्यातलं कोवळं ऊन होतं, ओढ्याला थोडं पाणी होतं, पलीकडे ज्वारीची कणसं दाण्यावर आलेली. अर्धी गाडी भरली असेल, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला इथे कोणी बोलावलेलं नाही. कारकुनांनी यांना सांगितलं होतं, मला नव्हे. मी आपणहून लाकडं उचलत होते. राग कुठे गेला कळलं नाही. काटे लागत होते तरी हात चालतच होते. यजमानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं असावं, कारण ते गालात हसले. मीही हसले. आमच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्या ओढ्याकाठी आमची खरी ओळख झाली, असं मला अजून वाटतं.

जळण टाकून निघालो तेव्हा कारकून जेवायला गेले होते. आमच्याकडे कोणी पाहिलंही नाही. घरी येताना भाऊजींच्या दारात गाडी थांबवून यजमानांनी काय ठरलं ते सांगितलं. भाऊजींनी ऐकून घेतलं. मी दुसरा कोस कधी जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, असं ते म्हणाले. यजमान म्हणाले, तुम्हाला कोणी जा म्हणत नाही. भाऊजींचा चेहरा सैल झाला. त्यांनी बायकोला हाक मारून आम्हाला गूळ-शेंगदाणे द्यायला सांगितलं. पुढच्या पेरणीला तिफण नेहमीप्रमाणे मिळाली. आणि भाऊजी शब्दाला जागले. पुढे किती वेळा गाड्या धरल्या गेल्या, ते एकदाही हद्दीच्या पुढे गेले नाहीत. पण आमची गाडी वेठीला गेली की त्या दिवशी त्यांचा गडी न सांगता आमच्या बैलांच्या वैरणीची पेंढी टाकून जाई.

पिंजारी चाचांचं मात्र वेगळं झालं. बैलाचा खूर बरा झाल्यावर पुढच्याच वेठीला, सकाळी चपराशाच्याही आधी, त्यांची गाडी आमच्या दारात उभी. आम्हाला काही कळेना. त्यांच्या गावची पाळी हद्दीवर, इथे हे कशाला आले? ते गाडीवरून उतरून यजमानांना म्हणाले, "बेटा, त्या दिवशी तू माहा कोस गेला. आज तुहा कोस मी जातो. तू कापूस वेच."

यजमान ऐकेनात, चाचाही ऐकेनात. शेवटी ठरलं की निम्मं सामान या गाडीत, निम्मं त्या गाडीत, आणि दोघांनीही शेवटपर्यंत जायचं. तसं गेले. बैल हलक्या ओझ्यानं खुशीत चालत आणि हे दोघं गप्पा मारत. चाचांना गोष्टी फार येत. यजमान सहसा कमी बोलणारे, पण परत आले की मला त्या सगळ्या सांगत. ही रीतच होऊन गेली. वेठीचा निरोप आला की सासूबाई दोघांच्या भाकरी बांधू लागल्या. पहिल्यांदा मला जरा शंका होती की चाचा आमच्या घरचं खातील की नाही. त्यांनी फडकं सोडून ठेचा आहे का विचारलं, आणि शंका मिटली.

चाचांची बायको पुढे आमच्याकडे येऊ लागली. येताना लिंबं आणी. मी तिला टाका घालून गोधडी शिवायला शिकवलं आणि तिनं मला शेवया. एका हिवाळ्यात चाचांनी आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या रजयांचा कापूस आमच्याच अंगणात पिंजून दिला. दिवसभर धनुकलीचा तुण्‌तुण् आवाज, आणि वस्तीतली पोरं कापसाच्या भुरभुरीत पांढरी होऊन नाचत होती. सासूबाईंनी त्या रात्री नव्या रजईत हातपाय ताणले आणि अशी ऊब बऱ्याच वर्षांत मिळाली नाही म्हणाल्या.

उपदेशकांच्या कानावर हे सगळं गेलं. बाशीमच्या वार्षिक मेळाव्यात त्यांनी यजमानांना चार शब्द बोलायला उभं केलं. मी बायकांत बसून देवाची करुणा भाकत होते. यजमान उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले की दुसऱ्या कोसात चांगली माणसं भेटतात, तुम्हीही जाऊन पाहा. आणि खाली बसले. लोक आणखी ऐकायची वाट पाहत राहिले. शेवटी कोणीतरी गाणं सुरू केलं.

सासूबाईंना मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्या भाकरी बांधत, चाचांची विचारपूस करत, पण त्यांचं म्हणणं त्यांनी सोडलं नाही. शेवटच्या आजारात एकदा पडल्या पडल्या त्या यजमानांना म्हणाल्या, "तू दुसरा कोस गेला थे चांगलंच केलं, बापू. पण थो पह्यला कोसच नसाले पाह्यजे." यजमान म्हणाले, "खरं हाये, माय. तू देवाले तेच माग. मी माह्या परीनं चालतो." त्यावर त्या डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना करत राहिल्या. काय मागत असतील ते आम्हाला ठाऊक होतं.

मी दोघांच्या मधे वाढले असं म्हणायला हरकत नाही. कधी मला सासूबाईंचं बरोबर वाटे, कधी यजमानांचं. पुढे सडक सुधारली, साहेबांचं सामान मोटारीनं जाऊ लागलं, आणि वेठ हळूहळू बंद पडली. ज्या वर्षी पहिल्यांदा कोणी गाडी मागायला आलं नाही, त्या वर्षी मी सासूबाईंच्या कबरीवर जाऊन त्यांना ते सांगून आले. चाचा तेव्हा फार थकले होते. आता वेठ नाही म्हटल्यावर भेट कशी व्हायची, याची त्यांना काळजी पडली. म्हणून यजमान दर पंधरा दिवसांनी गाडी जुंपून त्यांच्याकडे जाऊ लागले. कधी मीही जाई. मधे हद्दीचा दगड लागे, त्याच्यावर पोपट बसलेले असत, आणि आमचे बैल तिथे न थांबता पुढे जात.